टर्बोचार्जरयुक्त मोटारीसाठी इंजिन तेलाची निवड : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

मुंबईची हवा उष्ण, म्हणून नव्या मोटारीतही दाट तेल घालावे, असा सल्ला अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेकदा ऐकू येतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘५डब्ल्यू-३०’ या श्रेणीतील पहिला अंक थंडीतील प्रवाहितेचा, तर दुसरा १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या श्यानतेचा निदर्शक होय. थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान नियंत्रित ठेवत असल्याने बाहेरील उष्म्याचा परिणाम मर्यादित राहतो. खरी कसोटी टर्बोचार्जरमध्ये लागते. तेथील दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो व त्यास तेलाच्या पातळ थराचाच आधार असतो. म्हणून १५० अंशांवरील श्यानता निर्णायक ठरते. फोक्सवॅगनच्या ५०८ ०० मानकात ती किमान २.६, तर ५०२ ०० मध्ये किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद अपेक्षित आहे. ही तेले परस्परांना पर्याय नव्हेत.

थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर अकाली प्रज्वलन होऊन पिस्टन तडकू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त शोधकद्रव्ये हा धोका वाढवितात. २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ दर्जात यासंबंधीची चाचणी अंतर्भूत आहे.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील कोंडीत इंजिन चालू राहते, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. त्यामुळे तेल बदलताना अंतराबरोबरच कालमर्यादाही पाळावी. सारांश, प्रथम पुस्तिकेतील मानक, नंतर श्रेणी व शेवटी तेलाचे व्यापारी नाव, हाच क्रम इष्ट होय.