डॉक्टरही आजारी पडतो

फवारणी करताना चक्कर आली किंवा बाळंतीण अडली, की आपण डॉक्टरकडे धावतो. तो डॉक्टरच दारूच्या वा गोळ्यांच्या आहारी गेला तर? गाव कुजबुजते, दुसरा डॉक्टर शोधते आणि मोकळे होते. व्यसन हा आजार आहे, हे मजुराच्या बाबतीत आपण मानू लागलो आहोत. डॉक्टरच्या बाबतीत अजून नाही. औषधे त्याच्या हाताशी, रात्री-अपरात्रीची झोपमोड आणि लाज दुप्पट. म्हणून तो लपवतो.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाचे शस्त्रवैद्य वर्षानुवर्षे पीत असत. त्यांना सावरले ते बिल विल्सन या दुसऱ्या दारूड्याने. उपदेश करून नव्हे, स्वतःची हकीकत सांगून. १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो. १९३९ मध्ये तेथील सेंट थॉमस या कॅथलिक इस्पितळात सिस्टर इग्नेशिया यांनी अशा रोग्यांना खाटा दिल्या. तेव्हा इस्पितळे दारूड्यांना घेत नसत, म्हणून पहिल्याच्या कागदावर पोटाचा विकार असे लिहिले! घरी जाताना सिस्टर प्रत्येकाला पवित्र हृदयाचा बिल्ला देत. पुन्हा प्यावेसे वाटले, तर आधी तो परत आणून द्यायचा.

१९७३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आजारी डॉक्टरांविषयी अहवाल छापला आणि राज्याराज्यांत मदतीच्या योजना निघाल्या. डॉक्टर काही काळ काम थांबवतो, उपचार घेतो आणि बहुधा पाच वर्षांचा करार करतो. कधीही बोलावून लघवी तपासतात. करार पाळला तर परवाना टिकतो, मोडला तर धोक्यात येतो. सोळा योजनांतील ९०४ डॉक्टरांची पाहणी झाली. पाच वर्षांत सुमारे ७८ टक्क्यांच्या एकाही तपासणीत दारू वा नशेचे औषध सापडले नाही. नुसत्या दयेने हे झाले नसते, नुसत्या शिक्षेनेही नाही.

आपल्याकडे काय करावे? झिंगलेला डॉक्टर सुई टोचायला आला तर हात पुढे करू नये, दुसरीकडे जावे. पण चव्हाट्यावर बोलू नये. त्याच्या घरच्यांशी किंवा एखाद्या जुन्या डॉक्टरमित्राशी बोलावे. फेस्ताला डॉक्टरसाहेबांकडे बाटली पाठवण्याची रीत मला तरी आवडत नाही, नारळ-केळी पाठवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. तिथे मराठीत बोलता येते, आणि फोन करणारा डॉक्टर असला तरी चालते.