न निघालेल्या चित्रपटांचे परीक्षण

चित्रपटावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे नटनट्यांची नावे, गाण्यांच्या आठवणी आणि कोणत्या चित्रपटाने किती गल्ला जमविला याचे आकडे कानी पडतील, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही ज्या चित्रपटांविषयी बोलणार आहोत, त्यांच्याजवळ यांतले काहीच नाही. ते कधी निघाले नाहीत, आणि बहुधा निघणारही नाहीत. ते फक्त कागदावर आहेत.

हा प्रकार काय आहे, ते आधी सांगितले पाहिजे. काही हौशी मंडळी एकत्र येऊन चित्रपट लिहितात. लिहितात म्हणजे नुसती गोष्ट लिहीत नाहीत. चित्रपटाला नाव देतात, दिग्दर्शक कोण, कोणते काम कोणी केले, संगीत कसे आहे, पहिल्या दृश्यात काय दिसते आणि शेवटच्या दृश्यात काय दिसते, हे सारे तो चित्रपट जणू कालच लागला अशा थाटात मांडतात. मग मंडळीतला दुसरा कोणी तो वाचतो आणि आपण तिकीट काढून तो पाहून आलो आहोत असे समजून त्याचे परीक्षण लिहितो. मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो, खलनायक कागदी वाटतो, अमुक प्रसंग मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, असे बिनदिक्कत सांगतो. पुढच्या खेपेला परीक्षक लेखक होतो आणि लेखक परीक्षक होतो.

ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. परंतु ज्यांनी खरेखुरे चित्रपट काढले, त्यांतल्या काहींनी सुरुवात अशीच केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू ओसरते.

आपल्या दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. तो डोळ्यांपुढून सरकत असताना आपल्या मनात राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, असे त्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. म्हणजे त्या दिवशी त्या थिएटरात दोन चित्रपट चालू होते. एक पडद्यावर आणि एक फाळक्यांच्या डोक्यात. दुसऱ्याला ना कॅमेरा होता, ना भांडवल. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडनला जाऊन यंत्र आणले आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो एवढेच टिपले. ‘अंकुराची वाढ’ हा इवलासा चित्रपट त्यांनी पैसे देऊ शकणाऱ्यांना दाखविला आणि कर्ज मिळविले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. डोक्यातला कृष्ण मात्र पडद्यावर यायला १९१८ साल उजाडले. त्या वर्षी ‘श्रीकृष्ण जन्म’ निघाला. मधली सात वर्षे तो चित्रपट कल्पितच होता.

दुसरे उदाहरण रशियाचे. क्रांतीनंतर यादवी युद्ध चालू होते, बाहेरून माल येत नव्हता आणि कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त झाले होते. १९१९ साली मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा निघाली खरी, पण कॅमेऱ्यात घालायला फिल्म नाही. तिथे लेव कुलेशोव नावाचा विशी ओलांडलेला तरुण शिकवीत असे. फिल्म येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे, असे त्याने केले नाही. विद्यार्थ्यांनी चित्रपट लिहायचा, त्याचे लहान लहान तुकडे पाडायचे, एकेक तुकडा लोकांपुढे करून दाखवायचा, आणि कुठे काय चुकले याची चर्चा करायची, असा क्रम त्याने सुरू केला. या प्रयोगांना ‘फिल्मशिवाय चित्रपट’ असेच नाव पडले. पुदोव्हकिन हा त्याचाच शिष्य. त्याने १९२६ साली गॉर्कीच्या ‘आई’ कादंबरीवर जो चित्रपट काढला, तो आजही जगभर अभ्यासला जातो. रिकाम्या कॅमेऱ्यापुढे झालेली ती तालीम वाया गेली नाही.

तिसरे उदाहरण कलकत्त्याचे. सत्यजित राय हे जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करीत होते. अमुक कादंबरीवर चित्रपट निघणार अशी बातमी आली की ते छंद म्हणून त्या कादंबरीची स्वतःची पटकथा लिहून ठेवीत. पुढे तो चित्रपट लागला म्हणजे पाहून येत, आणि त्यांनी काय केले व आपण काय केले असते, हे ताडून पाहत. १९४७ साली त्यांनी मित्रांसह कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. ‘पथेर पांचाली’ पडद्यावर आला १९५५ साली. त्याआधीची कितीतरी वर्षे त्यांचे चित्रपट कागदावरच निघत होते, आणि त्यांचे परीक्षणही होत होते.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. साधन नव्हते म्हणून कल्पना थांबली नाही, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की, प्रत्येक ठिकाणी कल्पनेला कसाला लावणारे काही तरी होते. फाळक्यांना सावकाराला पटवावे लागले. कुलेशोवच्या विद्यार्थ्यांना सोबत्यांपुढे उभे राहावे लागले. रायबाबूंना दुसऱ्याच्या चित्रपटाशी आपला कागद ताडावा लागला. कल्पित चित्रपटाची सारी किंमत या कसात आहे, असे आमचे मत आहे.

याचे कारण सोपे आहे. खऱ्या चित्रपटाला पावलोपावली अडचणी येतात. पैसा संपतो, पाऊस येतो, नट आजारी पडतो. या अडचणींमुळेच दिग्दर्शकाला विचार करणे भाग पडते. कागदावर मात्र सारे फुकट आहे. दहा हजार घोडे एका ओळीत धावतात आणि गरिबाचा मुलगा दुसऱ्या ओळीत कलेक्टर होतो. कागद कशालाही नाही म्हणत नाही. तो नकार द्यायला दुसरे माणूस लागते. परीक्षक हा कल्पित चित्रपटाचा खर्च आहे, त्याचा पाऊस आहे आणि त्याचा आजारी नटही आहे.

पोलंडचा लेखक स्तानिस्वाव लेम याने १९७१ साली कधीच न लिहिलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचे एक पुस्तक लिहिले. त्यातले पहिले परीक्षण तर त्याच पुस्तकाचे आहे. बुद्धीचा तो मोठा खेळ आहे. पण तिथे पुस्तक कल्पिणारा तोच आणि परीक्षकही तोच. आम्ही ज्या उद्योगाविषयी बोलतो आहोत तो दोघांचा आहे, आणि म्हणून त्याला एकट्याच्या खेळाहून अधिक मोल आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला हे समजावून सांगायला रशिया-पोलंडला जाण्याचीही गरज नाही. नरसीचे नामदेव आपले, आणि औंढ्याचे नागनाथही आपले. ती कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे कशासाठी असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे काका म्हणाले, आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहू लागले. बाकीचे निमूट बसले. नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा झाला. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले ते त्या निवाड्यामुळे. या कथेत परीक्षक कोण आहे? कुंभार आहे. परीक्षेचे साधन कोणते? रोजच्या कामाचे अवजार. आणि ज्याची परीक्षा झाली, तो रागावला तरी शेवटी शिकायला निघाला. परीक्षणाविषयी यापेक्षा जास्त शहाणपण आम्हांला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. समजा, आपल्यापैकी कोणी हळदीच्या हंगामावर एक चित्रपट लिहिला. नायक हमाल आहे, नायिका हळद शिजविण्याच्या कामावर आहे. सोमवारी हळद खणून निघते, गुरुवारी ती मोंढ्यात येते. बीट चालू असताना मापात मारलेला काटा नायक पकडतो, पोत्यावर उभा राहून भाषण करतो, आणि व्यापाऱ्याचे मन पालटते. टाळ्या.

हा कागद परीक्षणाला गेला. पहिला परीक्षक शेतकरी आहे. तो म्हणतो, हळद खणली, शिजविली, मग पंधरवडाभर उन्हात वाळली, ढोलात घालून घासली, आणि तेव्हा कुठे ती मोंढ्यात येते. तुमची हळद तीन दिवसांत आली कशी? त्या पंधरा दिवसांत तुमच्या माणसांनी खाल्ले काय? दुसरा परीक्षक हमाल आहे. तो म्हणतो, नायक दहा मिनिटे भाषण करतो, तोवर गाडी कोणी खाली केली? आमच्यात बोलणारा बोलतो तेव्हा त्याच्या वाट्याची पोती दुसरा उचलतो. तो दुसरा चित्रपटात दिसत नाही. तिसरी परीक्षक कढईजवळ काम केलेली बाई आहे. ती एवढेच म्हणते की, नायिकेचे हात पिवळे असल्याचे कुठे लिहिलेले नाही, आणि तिचे तान्हे मूल दिवसभर कोणाजवळ होते तेही लिहिलेले नाही.

बघा, तिघांपैकी एकानेही चित्रपटकलेचे पुस्तक वाचलेले नाही. पण त्यांच्या परीक्षणाने चित्रपट बदलून जातो. ते रिकामे पंधरा दिवस आणि त्या दिवसांतली उसनवारी हाच आता चित्रपटाचा गाभा होतो. भाषण आखूड होते आणि न बोलता पोती उचलणारा माणूस पुढे येतो. व्यापाऱ्याचे मन पालटण्याची गरज उरत नाही, कारण काट्यापाशी चार माणसे एकत्र उभी राहिली एवढे पुरते. कष्टकऱ्याजवळ जे ज्ञान आहे ते एरवी कोणी विचारीत नाही. परीक्षणाच्या निमित्ताने ते बाहेर येते.

चित्रपटाच्या धंद्यात कामगाराचे मत एकाच ठिकाणी मोजले जाते, ते म्हणजे तिकिटाच्या खिडकीवर. त्याने पाहिले की नाही, एवढाच प्रश्न. त्याला काय दिसले आणि काय खोटे वाटले, हे कोणी लिहून घेत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या गावातल्या माणसांनी ही रीत थोडी मोडली. नासिर शेख यांनी २००० साली स्थानिक सोबती जमवून थोडक्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि पुढे अशा चित्रपटांची तिथे प्रथाच पडली. त्या धडपडीवर निघालेला २००८ चा अनुबोधपट जगभर दाखविला गेला. तिथे कॅमेरा तरी होता. ज्याच्याजवळ तोही नाही, त्याला वही आहे.

आज तर यंत्राला चार ओळी सांगितल्या की ते हलती चित्रे तयार करून देते. काहींना वाटते, आता कल्पित चित्रपट लिहिण्याचे कारणच उरले नाही. आम्हांला उलट वाटते. यंत्रही कागदासारखेच आहे. दहा हजार घोडे मागा, ते देईल. तान्हे मूल कोणाजवळ होते, हे आपण होऊन विचारणार नाही. तयार करणे जितके स्वस्त होईल, तितकी पारखणाऱ्या माणसांची निकड वाढेल.

या उद्योगात धोकेही आहेत. तू मला चांगले म्हण, मी तुला चांगले म्हणतो, असा व्यवहार सुरू झाला की मंडळी महिनाभरात कंटाळून पांगतात. दुसरा धोका सूड उगविण्याचा. म्हणून तीन नियम पाळावेत, असे आम्ही सुचवितो. परीक्षकाने प्रथम चित्रपट काय सांगू पाहतो हे लेखकाला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. दोष दाखवायचा तो दृश्यावर बोट ठेवून दाखवावा, माणसावर नव्हे. आणि ज्याने परीक्षण केले, त्याने पुढच्या खेपेला आपला चित्रपट इतरांपुढे ठेवलाच पाहिजे.

शेवटी एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. पोटाची मारामार असलेल्या माणसांना हवेतले चित्रपट कशाला, असे आम्हांला विचारले जाते, आणि विचारणारे बहुधा आमच्या चळवळीतलेच असतात. त्यांना आम्ही नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण देतो. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा ती सुट्टी कोणीही पाहिलेली नव्हती. ती फक्त अर्जावर होती. हजारो कामगारांनी त्या अर्जाखाली सह्या केल्या, सभांतून त्यावर खल झाला. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मंजूर झाली. आधी सहा वर्षे रविवार हा कल्पितच होता. नसलेली गोष्ट नीट कल्पून कागदावर मांडणे, ती चारचौघांपुढे ठेवणे, त्यांचे बोलणे ऐकून ती दुरुस्त करणे, हेच तर युनियनचे काम आहे. चित्रपट लिहून आणि एकमेकांचे चित्रपट पारखून त्याच कामाचा हात बसतो.

तेव्हा एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर चित्रपटाचे नाव लिहावे, आणि उजवीकडची पाने परीक्षणासाठी कोरी ठेवावीत. पहिला चित्रपट कच्चाच निघेल. निघू द्यावा. मात्र वही कपाटात न ठेवता, ज्याच्या हातात थापटणे आहे अशा शेजाऱ्याला नेऊन द्यावी.