पोफळीचं वय आणि कर्जाची मुदत

दापोलीजवळच्या मुरुडमध्ये पोफळीचं रोप लावणारा माणूस फार लांबचं पाहत असतो. पहिली सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं, आणि पुढे झाड पन्नास वर्षं सहज उभं. एवढ्या मुदतीचं कर्ज कुठली बँक देते? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत इथल्या वाड्या आडव्या झाल्या.

योगायोग बघा. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकांच्या ‘एनजीएफएस’ या जागतिक गटानं हवामानबदलाच्या, पार २१०० सालापर्यंतच्या जर-तरच्या कथा पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. आपली रिझर्व्ह बँक या गटात २०२१मध्ये गेली.

ही भाकितं नव्हेत. भाकीत एकच असतं आणि बहुधा चुकतं. इथे अनेक भविष्यं शेजारी-शेजारी मांडतात. एका कथेत जग वेळेवर शहाणं होतं, कार्बनवरचा कर हळूहळू चढतो. दुसरीत उशिरा जाग येते आणि कर एकदम डोक्यावर बसतो. तिसरीत कुणी काहीच करत नाही, तापमान तीन अंशांच्या आसपास वाढतं. प्रत्येक कथेत विजेची मागणी, कोळसा, सौरऊर्जा, शेती यांची गणितं एकमेकांत गुंतवून संगणक वर्षामागून वर्ष पुढे सरकवतो.

आता खरी जादू: याच कथांवर बँकेची कर्जं पारखून पाहायची. एकाच रत्नागिरी जिल्ह्यातली दोन कर्जं घ्या. एक जयगडच्या १,२०० मेगावॅटच्या कोळशावरच्या वीज केंद्रासारख्या प्रकल्पाचं, दुसरं मुरुडच्या किनाऱ्यावरच्या घरगुती लॉजचं. पहिल्या कथेत कोळशाचं कर्ज डळमळतं, लॉज सुखरूप. तिसरीत केंद्राला कराची धास्ती नाही, पण लॉजच्या अंगणाकडे समुद्र सरकतो: उत्सर्जन फारच वाढलं, तर शतकाअखेर जगाची सरासरी समुद्रपातळी ६३ ते १०१ सेंटिमीटर चढेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या ‘आयपीसीसी’ या हवामान समितीचा अंदाज आहे. जे भविष्य एकाला तारतं, तेच दुसऱ्याला बुडवतं! दोन्ही कर्जं एकाच बँकेच्या वहीत असली, तर तिनं कुठल्या भविष्याची प्रार्थना करावी?

अर्थात, देशाच्या मापानं शिवलेला हा अंगरखा मुरुडच्या वाडीला ढगळच होतो. कुठली वाडी किती वाऱ्याला पडते, हे त्या कथांत नाही. ते इथूनच मोजून द्यावं लागेल.

निसर्गनंतर लावलेलं रोप जगलं-वाचलं, तर २०७०मध्ये, भारतानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी ठरवलेल्या वर्षी, ती पोफळ पन्नाशीची असेल.