कानातली शिट्टी, व्हाया शिवडी

शनिवारी रात्री पबमधून बाहेर पडलं की कानात 'कुंईं' वाजत राहतं, माहितीये ना? सकाळपर्यंत जातं, म्हणून आपण विसरतो. याचं नाव टिनिटस. ज्यांचं ते जातच नाही, त्यांच्यासाठी खात्रीची गोळी आजही नाही. काही औषधं तर उलट ही शिट्टी सुरू करून देतात!

याच औषधांचा माग काढत मी शिवडीला पोचले. आपल्याला शिवडी ठाऊक ती फ्लेमिंगोंमुळे. पण महापालिकेचं क्षयरोग रुग्णालयही इथेच आहे. साध्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शनं द्यायचे. आठवड्यातून सहा दिवस, किमान सहा महिने. त्यात जंतू मरायचे, पण काही पेशंटच्या आतल्या कानातल्या नाजूक केसपेशीही मरायच्या. त्या पुन्हा येत नाहीत.

आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. गप्पा नीट ऐकू येतात, त्यामुळे पेशंटला पत्ताच नसतो. कळलंच तर त्या शिट्टीमुळे. म्हणून ऑडिओमेट्री. कानाला हेडफोन, बारीक 'बीप' ऐकू आला की बटण दाबायचं. इंजेक्शनं सुरू होण्याआधी एकदा आणि मग पुन्हापुन्हा. एका फ्रिक्वेन्सीला 20 डेसिबल किंवा शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींना 10 डेसिबलची घसरण दिसली की धोक्याची घंटा. मशीन शिट्टी मोजत नाही हं, ती पेशंटलाच विचारावी लागते! आणि घंटा वाजली तरी पुढे काय? इंजेक्शन थांबवलं तर टीबी, चालू ठेवलं तर बहिरेपण.

मुंबईची पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तिका नंदिता वेंकटेशन हिची श्रवणशक्ती 2013 मध्ये टीबीच्या उपचारातच गेली. ती गप्प बसली नाही. बेडाक्विलिन या गोळीचं पेटंट लांबवायला तिने दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेबरोबर आव्हान दिलं. फुमेझाचीही कहाणी तीच. मार्च 2023 मध्ये पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज फेटाळला. ग्रेट ना?

ही गोळी 2016 मध्ये देशात सहा केंद्रांवर सुरू झाली, शिवडी त्यातलंच एक. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन नको असं सांगितलं. बेडाक्विलिनही अगदी साधी नाही, हृदयासाठी ईसीजी काढत राहावा लागतो. पण कान वाचतात.

त्याच कुळातलं अमिकासिन मात्र काहींना अजून द्यावं लागतं. घरात कुणाला सुरू होणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, पहिला ऑडिओग्राम कधी काढायचा?