सिरपमधले विष आणि ते पकडणारे यंत्र

ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल. तीन बाटल्यांत हे तीन द्रव शेजारी ठेवले, तर नुसत्या नजरेने ओळखता येणार नाहीत. तिन्ही रंगहीन, तिन्ही दाटसर, तिन्ही गोड. पहिले दोन औषधी सिरपमध्ये सर्रास वापरतात. तिसऱ्याची जागा ब्रेक ऑइल आणि कूलंटमध्ये. तो पोटात गेला की यकृतात त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल होते, ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचते आणि लघवी बंद होते.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. ‘नागपूरला हलवा’ असे डॉक्टर म्हणाले की तुमसर, साकोली, पवनीची माणसे पेशंटला घेऊन तिकडेच धावतात. 2025 च्या सप्टेंबरात त्याच शहरातल्या रुग्णालयांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातून लहान मुले येत होती. सर्दी-खोकल्याचे साधे दुखणे, आणि मूत्रपिंडे निकामी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एसआर-13 या बॅचचा अहवाल दिला: डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. वीसहून अधिक मुले गेली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ती बॅच वापरू नका, असा इशारा काढला.

असा आकडा ज्या यंत्रातून मिळतो त्याचे नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. दिसायला ते ओव्हनसारखे, आणि त्याच्या पोटात खरोखरच एक ओव्हन असतो. त्यात काचेसारख्या सिलिकाची, केसासारखी बारीक नळी वेटोळे करून बसवलेली असते. लांबी साधारण तीस मीटर. सिरपचा थेंब द्रावकात पातळ करून त्यातला जेमतेम एक मायक्रोलिटर सुईने आत सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते आणि हेलियम किंवा नायट्रोजन ती वाफ नळीतून पुढे ढकलतो.

पूर्व विदर्भातल्या शंकरपटात प्रत्येक जोडीने अंतर किती वेळात कापले, ते घड्याळ टिपते. यंत्राचे कामही वेळेवरच चालते. नळीच्या आतल्या लेपाशी ज्या रेणूचे जास्त जमते तो रेंगाळतो, ज्याचे कमी जमते तो लवकर सुटतो. उकळणबिंदूही आपला प्रभाव दाखवतो: प्रोपिलीन ग्लायकॉलचा 188 अंश सेल्सिअस, डायइथिलीन ग्लायकॉलचा 245, ग्लिसरीनचा 290. बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ हायड्रोजनच्या ज्योतीत जळतो, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि पडद्यावर एक टोक उमटते. टोक कोणत्या मिनिटाला आले त्यावरून पदार्थाची ओळख पटते, त्याखालच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळते. मात्र शेजारी शुद्ध प्रमाणित नमुनाही चालवावा लागतो. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्या टोकाला अर्थ नाही.

ही विद्या नवी नाही. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतले रंग खडूच्या भुकटीतून गाळून वेगळे केले. 1952 मध्ये लंडनमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या साहाय्याने पदार्थ वेगळे करण्याची पद्धत मांडली. विषही जुनेच. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक लोक मेले. पुढच्याच वर्षी तिथे विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याचा कायदा आला.

महाराष्ट्राने हा घाव आधीच सोसला होता, आणि म्हणून 2025 चे प्रकरण अधिक खुपते. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून परवान्यांपर्यंत सगळी साखळी उलगडून दाखवली. म्हणजे विष कोणते, ते कुठून येते आणि कसे सापडते, हे सगळे राज्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

मग अडते कुठे? कच्च्या मालाच्या ड्रमपाशी. ‘कोल्ड्रिफ’ बनवणाऱ्या कांचीपुरमच्या कारखान्यात तपासनिसांना तीनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. ड्रम उघडताना करायची पहिली चाचणी तर महागही नाही. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर थेंब टाकायचा, द्रावक वर चढू द्यायचा आणि ठिपका कुठे थांबतो ते पाहायचे. संशय आला तरच मोठ्या यंत्राकडे जायचे. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही अशीच दोन टप्प्यांची आहे.

भंडाऱ्याच्या मेडिकल दुकानातून औषध निरीक्षक नमुना उचलतो तेव्हा 1940 च्या कायद्यानुसार त्याचे चार भाग करून सील लावतो. एक दुकानदाराकडे, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. अहवाल मान्य नसेल तर आव्हान द्यायला 28 दिवस मिळतात, आणि न्यायालयाने सांगितल्यास कोलकात्याची केंद्रीय औषध प्रयोगशाळा पुन्हा तपासणी करते. निर्दोष माणूस अडकू नये यासाठी ही रचना चोख आहे. पण ती चालते बाटली दुकानात पोचल्यावर. तोवर त्याच बॅचच्या इतर बाटल्या घराघरांत उघडलेल्या असू शकतात. त्या परत मागवताना दुकानदाराच्या बिलावरचा बॅच नंबरच कामी येतो. तो लिहिलेला नसेल, तर कोणती बाटली कोणत्या घरी गेली हे शोधायला दुसरी वाट नसते.