काट्याला न दिसणारं वजन

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या टणक, गोलसर दिसल्या की आजी कौतुकानं म्हणते, "पैलवान होणार हा." पण तोच मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत सरळ होतो. जिना चढताना कठडा सोडत नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, या आजारात भरलेली पोटरी आणि तिच्यातली ताकद यांची फारकत झालेली असते.

फ्रान्सचे डॉक्टर गियोम ड्युशेन यांना १८६० च्या दशकात याच पोटऱ्यांनी कोड्यात टाकलं. तेव्हा स्नायूच्या आत डोकावायचं म्हणजे बहुधा मृत्यूनंतरच. ड्युशेन यांनी एक खास सुई बनवली आणि तिनं जिवंत रुग्णाच्या स्नायूचा इवलासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिथे स्नायूच्या तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट धागे पसरलेले होते.

असं का होतं, ते कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. १९८७ मध्ये डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन सापडलं. स्नायूतल्या सगळ्या प्रथिनांत त्याचा वाटा किती, तर सुमारे ०.००२ टक्के! आणि ते घडवण्याची माहिती ज्या जनुकात आहे, तो माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचा. त्याची एक नक्कल उतरवायला पेशीला साधारण १६ तास लागतात. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा पेशीच्या आवरणावर ताण येतो. तो डिस्ट्रोफिन झेलतं. ते नसलं की आवरण फाटत राहतं. शरीर काही वर्षं दुरुस्ती करत राहतं, मग तीही अपुरी पडते आणि मोकळ्या झालेल्या जागेत चरबी शिरते.

आता हा मुलगा आणखी थोडा मोठा झाला की त्याला वजनकाट्यावर उभं करा. काटा तीस किलो दाखवेल. शेजारच्या त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या मुलालाही तीसच. दोन्ही आकडे खरे, पण आतला ऐवज वेगळा. वाढत्या वयात मुलाचं वजन वर्षभर जागचं हललं नाही, तरी त्याच्या शरीरात स्नायू घटून चरबी वाढलेली असू शकते. काट्याला त्याचा पत्ताच नसतो. रक्ताच्या अहवालात मात्र एक खूण सापडते. क्रिएटिनिन आपण किडनीसाठी तपासतो आणि कमी आलं की निश्चिंत होतो. ते तयार होतं मुख्यतः स्नायूंत. डीएमडीच्या मुलात ते फार कमी दिसतं, कारण ते बनवणारा स्नायूच फारसा उरलेला नसतो.

स्नायू नुसता पडून असतानाही इंधन जाळतो. एक किलो स्नायूला दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी लागतात, एक किलो चरबीला साडेचारच्या आसपास. त्यात मुलाचं पळणं थांबलेलं. काल अंगी लागणारी पोळी आज जास्तीची ठरते. त्यावर स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट यांच्यामुळे मुलं अधिक काळ चालती राहतात, हे औषधाचं मोठं देणं; पण भूक खवळते, चेहरा गोल होतो, पोटाभोवती चरबी साठते. नातेवाईक सहज म्हणून जातात, "खायला जरा कमी घाला." ही भूक औषधाची असते, त्या आईच्या लाडांची नव्हे. वजन वाढलं म्हणून कुणी औषध एकदम बंद करू नये, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं आवरतं घेतं आणि अचानक तोडलं तर ते जिवावर बेतू शकतं.

१९८८ मध्ये ग्रिफिथ्स आणि एडवर्ड्स या ब्रिटिश डॉक्टरांनी या मुलांसाठी वजनाचा वेगळा तक्ताच मांडला. वयानुसार घटत जाणारा स्नायू त्यांनी नेहमीच्या वजनातून वजा केला. म्हणजे या मुलाचं योग्य वजन वर्गातल्या इतरांपेक्षा कमी असायला हवं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. वाढलेला प्रत्येक किलो उरलेल्या थोड्या स्नायूंनाच पेलायचा असतो, आणि चालणं थांबल्यावर तो पलंगावरून खुर्चीत उचलणाऱ्या आईच्या कमरेला.

मग सतरा-अठराच्या सुमारास चित्र पालटतं. चावणारे स्नायू थकतात, जेवण तासभर चालतं, घास घशाशी रेंगाळतो, श्वास घेणंही कष्टाचं होतं. वर्षानुवर्षं तूप हात राखून वाढलेल्या घरात आता वरणभातावर ते मुद्दाम सोडावं लागतं. घास गिळणं फारच अवघड झालं, तर पोटात थेट नळी बसवून अन्न देतात.

तोवर उभं राहणं संपलेलं असतं, म्हणून वजन करण्याची रीतही बदलते. मुलाला व्हीलचेअरसकट मोठ्या काट्यावर घेतात आणि रिकाम्या खुर्चीचं वजन त्यातून वजा करतात. उंचीचा अंदाज कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून काढतात. या वयात दोन-तीन किलो उतरले, तर त्याला किती घास जातात आणि रात्री श्वास पुरतो का, हे डॉक्टर आधी विचारतात.