बॅटरीचा काय दोष?

“इथल्या उन्हात बॅटरी दोन वर्षं टिकली तर नशीब!” आखातात राहणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. म्हणून माझ्या गाडीची बॅटरी दीड वर्षात गेली तेव्हा मी मुकाट्याने नवी बसवली. तीही पाच महिन्यांत फुगली. मधल्या काळात हेडलाइटचे बल्ब दोनदा उडाले होते, आणि बॉनेट उघडलं की सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. तिसरी बॅटरी घ्यायला निघालो, तेव्हा शारजातल्या एका केरळी इलेक्ट्रिशियनने आधी मीटर लावला. आकडा आला १५.६. “साब, बॅटरी का क्या कसूर?” दोषी होता व्होल्टेज रेग्युलेटर.

इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो. इंजिन जितकं जोरात, तितकं व्होल्टेज वाढू पाहतं. त्याला लगाम घालतो रेग्युलेटर. अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या वेटोळ्याला तो थोडा विद्युतप्रवाह देतो. व्होल्टेज वाढलं की हा प्रवाह कमी करतो, घटलं की वाढवतो. चुंबकाचा जोर त्याप्रमाणे बदलतो आणि वीज साधारण १४ व्होल्टच्या आसपास राहते. जुन्या गाड्यांत हे काम उघडमीट करणारे संपर्क करत. आता ते इलेक्ट्रॉनिक चकतीवर होतं, आणि ती बहुधा अल्टरनेटरमध्येच बसवलेली असते.

तपासणी घरच्या घरी होते. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या धन खांबाला, काळं ऋण खांबाला. गाडी काही तास उभी असेल तर चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. आता इंजिन सुरू करा. सैल कपडे आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवा. आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान हवा. एसी आणि दिवे लावून, दुसऱ्या कुणाला तरी इंजिनाचे फेरे २००० पर्यंत न्यायला सांगा. तरीही आकडा फारसा हलता कामा नये. वेगाबरोबर तो १५ च्या वर चढत गेला तर रेग्युलेटरवर पहिला संशय. १३ च्या खालीच राहिला तर आधी पट्टा आणि वायरींचे जोड पाहा. मग अल्टरनेटर आणि रेग्युलेटर.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून “परीक्षा” घेण्याची जुनी युक्ती मुळीच करू नका. व्होल्टेज एकदम उसळून गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. आणि अनेक नव्या गाड्यांत चार्जिंग हा कॉम्प्युटरच ठरवतो, तिथे आकडा मुद्दामच वरखाली होतो. मॅन्युअल पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

माझा रेग्युलेटर सुटा बदलता आला. त्यानंतरची बॅटरी दोन उन्हाळे काढून अजून ठणठणीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांसह मस्कतच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ही पाच मिनिटं जरूर काढा. ऐन डोंगरात बंद पडलेल्या गाडीत फराळाचा डबा असून काय उपयोग?